‘राजी’चा महाल आणि तुकोबांचं घर: व्हिडिओ गेममधलं कला दिग्दर्शन

(अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा इथं झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

मागं भिंतीला टेकून उभी असलेली विद्यार्थी मंडळी, पुढं जागा आहे, बसून घ्या. तासभर लागणार आहे.

मला विषय दिलाय ‘व्हिडिओ गेममध्ये आर्ट डायरेक्टर म्हणून करिअर’. असा विषय फलकावर लिहिला की लोक तीन गोष्टी ऐकायला येतात: कोर्स कोणता, फी किती, पगार किती. त्याबद्दल बोलणार आहेच, पण शेवटी. आधी एक काम करू. ज्या धंद्यात आयुष्य घालायचं, त्या धंद्यातला एक चांगला नमुना समोर ठेवून तो नीट बघू. त्यात काय जमलंय, काय जमलेलं नाही, ते तपासू. स्वयंपाक शिकणाऱ्याला आधी चव कळावी लागते, तसंच हे आहे. आज पुष्कळ मुलं सॉफ्टवेअर शिकतात. चव घ्यायला त्यांना कुणी शिकवत नाही. म्हणून आज मी एका गेमची समीक्षा करणार आहे, आणि करिअरचा मुद्दा त्या समीक्षेतूनच काढणार आहे.

तो गेम म्हणजे ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’. हा पुण्यात तयार झाला. नॉडिंग हेड्स गेम्स ही कंपनी २०१७ मध्ये अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी सुरू केली. गेमच्या आर्ट डायरेक्टर श्रुती घोष. त्याच वर्षी त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी काम चालू राहिलं. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये बाकीच्या यंत्रांवर. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या स्वतंत्र गेमच्या विभागात त्याला नामांकन होतं. जगभरातले पाच गेम, आणि त्यातला एक पुण्यातला.

गोष्ट साधी आहे. राजी आणि गोलू ही बहीणभावंडं, कसरतीचे खेळ करून जगणारी. राखीच्या दिवशी दैत्य हल्ला करतात आणि गोलूला उचलून नेतात. दुर्गेकडून मिळालेला त्रिशूळ घेऊन राजी भावाला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून हे सगळं बघतायत, त्यांच्या संवादातून आपल्याला कथा कळते.

आता प्रश्न असा, की यात आर्ट डायरेक्टरनं केलं काय? सगळी चित्रं काढली का? नाही. सिनेमातला कला दिग्दर्शक आपल्याला माहीत असतो. तो सेट उभा करतो, वस्तू निवडतो, रंग ठरवतो. गेममध्ये हेच काम असतं, फक्त दोन अडचणी जास्त. पहिली अशी की सिनेमात कॅमेरा जिकडं बघतो तेवढीच भिंत बांधली तरी चालतं. गेममध्ये खेळणारा भिंतीमागं जाऊन बघतो. आमची पोरं तर मुद्दाम जातात. (हशा.) दुसरी अडचण अशी की सिनेमाचं चित्र आधीच तयार असतं, गेमचं चित्र यंत्राला त्या त्या क्षणी काढावं लागतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर एका चित्राला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सगळं उरकलं पाहिजे: उजेड, सावली, धूळ, झाडाची पानं. म्हणजे दागिने घालायला किती वेळ आहे ते घड्याळ ठरवतं. अशा वेळी कुठला दागिना ठेवायचा आणि कुठला उतरवायचा, हे ज्याला सांगता येतं तो आर्ट डायरेक्टर. हातानं काढणारे वीस जण असतील. हा निवड करणारा असतो, आणि वीस जणांच्या हातचं काम एकाच हातचं वाटेल हे बघणं त्याच्याकडे असतं.

‘राजी’मध्ये अशा निवडी स्पष्ट दिसतात, म्हणून मी हा नमुना घेतला. तीन निवडींबद्दल बोलतो.

पहिली निवड पोताची. आजचा बहुतेक मोठा गेम फोटोसारखं दिसण्यामागं धावतो. ‘राजी’नं ते सोडून दिलं. भिंतींचे, दगडांचे पोत हातानं रंगवले, आणि त्यासाठी पहाडी लघुचित्रांचा आधार घेतला. पहाडी म्हणजे आजच्या हिमाचल आणि जम्मूकडच्या दरबारांत सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात बहरलेली शैली. इमारती मात्र राजस्थानी किल्ल्यांच्या वळणाच्या. यात शहाणपण असं आहे की फोटोसारखं चित्र तीन-चार वर्षांत जुनं दिसायला लागतं, कारण नवं यंत्र येतं. हातानं रंगवलेलं चित्र तसं शिळं होत नाही. शिवाय छोट्या गटाला फोटोसारखं काम परवडतच नाही. जे परवडत नाही त्याची नक्कल करण्यापेक्षा जे आपलं आहे ते पूर्ण ताकदीनं करावं, असा हा हिशेब दिसतो.

दुसरी निवड कथाप्रसंगांची. गेममध्ये मधे मधे छोटे सिनेमे असतात. त्यात चेहऱ्यांचे हावभाव, ओठांच्या हालचाली दाखवायच्या म्हणजे प्रचंड खर्च. ‘राजी’नं इथं सावल्यांच्या बाहुल्यांचं रूप घेतलं. मागून उजेड, पुढं कापलेल्या आकृत्या. आपल्याकडे हे नवं नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजानं चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आजवर सांभाळलाय. त्या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावलीच्या बाहुलीला चेहऱ्यावरचे भाव नसतात, ती वळणावरून ओळखू येते. नाकाचा कोन, हाताची लांबी, मुकुटाची उंची. गेममध्ये नेमकं हेच लागतं. शत्रू अंधारात, धुळीत, पाच जणांच्या गर्दीत दिसला तरी क्षणात ओळखू आला पाहिजे. धंद्यात याला सिल्हूट म्हणतात, आपण बाह्याकृती म्हणू. पैसे कमी होते म्हणून निवडलेली गोष्ट पुढं गेमचं सगळ्यात लक्षात राहणारं अंग झाली, असं माझं वाचन आहे.

तिसरी निवड कॅमेऱ्याची. कॅमेरा तुमच्या हातात नाही, तो गेमनं ठरवलेला आहे, आणि बऱ्याचदा तो लांब, उंच जातो. महाल भलाथोरला आणि त्यात मुंगीएवढी राजी. लहान मुलगी देवदैत्यांच्या भांडणात सापडलीय, ही गोष्ट एकही शब्द न बोलता कळते. आणि ती कसरतपटू असल्यामुळं खांबाला धरून गिरकी घेणं, भिंतीवरून धावणं तिला शोभतं. मल्लखांब बघितलेल्या महाराष्ट्रातल्या माणसाला ती खांबाची गिरकी परकी वाटणार नाही. पात्र, हालचाल आणि वास्तू एकमेकांना धरून आहेत. कला दिग्दर्शन जमलं, असं म्हणतात ते याला.

आता दुसरी बाजू. समीक्षक नुसता हार घालायला आला तर त्याचा काय उपयोग?

पहिली उणीव त्या कॅमेऱ्यातूनच आली. लांबून बघताना उडी किती पुढं पडेल याचा अंदाज चुकतो. चित्र सुंदर, पण खेळणारा दरीत. (हशा.) गेममध्ये सुंदर दिसणं आणि नीट वाचता येणं यांत जेव्हा ओढाताण होते, तेव्हा आर्ट डायरेक्टरला वाचता येण्याच्या बाजूनं उभं राहावं लागतं. इथं काही ठिकाणी तो तोल सुटला. दुसरी उणीव भाषेची. पहाडी रंग, राजस्थानी कमानी, आणि पात्रं बोलतात इंग्रजी. हिंदी आवाज नंतरच्या सुधारित आवृत्तीत आले. कान आणि डोळे वेगवेगळ्या गावी राहत असले की जग अर्धवट वाटतं.

तिसरी उणीव मला सगळ्यात मोठी वाटते. त्या महालांत कुणी राहत नाही. बहुतेक वेळ आपण निर्मनुष्य वास्तूंमधून फिरतो. भिंतींवर पुराणातल्या कथांची चित्रं आहेत, कारंजी आहेत, कमळं आहेत. पण चूल कुठंय? वाळत घातलेलं लुगडं कुठंय? गोलू आणि राजी जेवत कुठं होते? भाऊ हरवला याचं दुःख आपल्याला सांगितलं जातं. ज्या घरात तो होता ते घर मात्र दिसत नाही. त्यामुळं देवांची गोष्ट आपल्याला पटते आणि बहिणीची गोष्ट लांब राहते.

इथं मी तुम्हाला एका जुन्या माणसाकडे नेतो. साहेबमामा फत्तेलाल. मूळचे कोल्हापूरचे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव हे कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवायचे. पडदे रंगवता रंगवता त्यांना सिनेमाचा ध्यास लागला. फत्तेलाल त्यांच्याच तालमीत तयार झाले. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी निघाली, १९३३ मध्ये ती पुण्याला आली, आणि प्रभातचं कला दिग्दर्शन होतं फत्तेलाल यांच्याकडे. १९३४ चा ‘अमृतमंथन’ बघा. भव्य देऊळ, प्रचंड खांब, उजेड-अंधाराचा खेळ. डोळे दिपतात. आणि दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, त्याच फत्तेलाल यांनी दामल्यांबरोबर ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. त्यात काय आहे? देहूतलं गरिबाचं घर, चूल, म्हैस, वैतागलेली बायको. आणि हाच सिनेमा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. शेवटी पुष्पक विमान येतंच, पण ते येतं तेव्हा आपला त्या घरावर विश्वास बसलेला असतो. म्हणून विमानावरही बसतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: भारतीय गेमनं आपला ‘अमृतमंथन’ केलाय. ‘राजी’ म्हणजे तो. आपला ‘संत तुकाराम’ अजून व्हायचा आहे.

यावर कुणी म्हणेल, साहेब, महाल दाखवले म्हणून तर जगानं बघितलं. देहूचं घर कोण विकत घेईल? हा आक्षेप खरा आहे. छोट्या कंपनीला जगाच्या बाजारात ओळख पटवायची असते, आणि महाल, हत्ती, त्रिशूळ ही ओळख लवकर पटते. पण दोन उदाहरणं देतो.

‘वेन्बा’ नावाचा छोटासा गेम २०२३ मध्ये आला. कॅनडातल्या टोरोंटोच्या मंडळींनी केलेला. एक तमिळ कुटुंब, आईची फाटलेली पाककृतींची वही, आणि इडल्या करायच्या. युद्ध नाही, महाल नाही. त्याला २०२४ मध्ये बाफ्टाचा पदार्पणातल्या गेमसाठीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे स्वयंपाकघर विकलं जातं, मनापासून रंगवलं तर.

दुसरं उदाहरण ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’. त्सुशिमा हे जपानमधलं बेट, आणि गेम करणारी कंपनी अमेरिकेतली. रस्ता दाखवायला त्यांनी पडद्यावर बाण लावला नाही. वारा वाहतो, गवत वाकतं, ते ज्या दिशेला वाकेल तिकडं जायचं. म्हणजे त्या जागेचं गवतच वाटाड्या झालं. ‘राजी’ला नामांकन मिळालं त्याच सोहळ्यात, २०२० मध्ये, कला दिग्दर्शनाचा पुरस्कार या गेमनं नेला. पुढच्या वर्षी त्सुशिमानं या गेमच्या दोन प्रमुखांना, नेट फॉक्स आणि जेसन कॉनेल यांना, आपले पर्यटन दूत केलं. एका लहान बेटाचं नाव जगभर झालं.

आता तिसरं उदाहरण देतो, ते दुखरं आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ हा २००३ चा गाजलेला गेम. त्याची सुरुवात कुठं होते माहितीय? भारतातल्या एका महाराजाच्या महालात. तो महाल कल्पनेनं रंगवला कॅनडातल्या माँट्रियलमध्ये. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की हा गेम नव्या रूपात येणार, आणि तो करणार युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई इथले स्टुडिओ. मोठी गोष्ट होती. पण झलक आली आणि रूपावर जोरदार टीका झाली. तारीख पुढं गेली, पुन्हा पुढं गेली. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे परत गेलं. बाहेरून बघून अमक्याची चूक होती असं मी म्हणणार नाही. वेळ, पैसा, वरून येणारे निर्णय, कितीतरी गोष्टी असतात. मला वेगळाच प्रश्न पडतो. आपल्याच देशातला महाल दुसऱ्यानं वीस वर्षांपूर्वी जसा कल्पिला, त्याची दुरुस्ती करायचं काम आपल्याकडे आलं. तो महाल कसा असावा, हे ठरवायचं काम सहसा येत नाही.

भारतातल्या गेमकलेचा कणा हाच राहिलाय. बंगळुरूची ध्रुव इंटरअ‍ॅक्टिव्ह १९९७ मध्ये सुरू झाली, गुरुग्रामची लक्ष्य डिजिटल त्यानंतर. परदेशी गेमसाठी गाड्या, हत्यारं, इमारती, पेट्या, दगड बनवणं हे काम अशा कंपन्यांनी उत्तम केलं. हजारो हात तयार झाले. यात कमीपणा काहीच नाही, घरं चालली आहेत. पण पेटी कशी दिसावी हे लांब कुठंतरी ठरतं आणि पेटी इथं बनते. आर्ट डायरेक्टरची खुर्ची जिथं ठरतं तिथं असते. म्हणून ‘राजी’तल्या उणिवा दाखवतानाही मी त्या गेमला मानतो. ठरवण्याचं काम त्यांनी पुण्यात बसून केलं, आणि चुका केल्या त्याही स्वतःच्या.

आता अमडापूरला येतो. इथल्या मुलामुलींनी एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील. हात वर करा. बघा, निम्मी सभा. (हशा.) त्यात पेपर कोणते? स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. तुम्ही दहावीच्या वाढीव गुणांसाठी दिलेली ही परीक्षा म्हणजे गेमकलेचा अर्धा अभ्यासक्रम आहे. स्थिरचित्रात उजेड कुठून येतो आणि सावली कुठं पडते ते शिकता. त्रिमितीत प्रकाशयोजना तीच. भूमितीत घनाकार शिकता, मॉडेलिंग तेच. संकल्पचित्रात एक आकृती फिरवून फिरवून जागा भरता. पोत असाच तयार होतो. अक्षरलेखन पडद्यावरच्या सूचनांना लागतं.

आणि स्मरणचित्र? इथं गडबड आहे. विषय येतो ‘बाजार’. आपण काय काढतो? दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोपडी, नारळाचं झाड. अरे, चिखली तालुक्यात नारळाचं झाड बाजारात कुठून आलं? (हशा.) क्लासमध्ये पाठ करून घेतलेलं चित्र असतं ते. नाव स्मरणचित्र, आणि स्मरण दुसऱ्याचं. भारतीय गेममधला भारत बऱ्याचदा असाच पाठ केलेला असतो: कमान, कमळ, मोर, हत्ती. ‘राजी’नं पाठांतर फार सुंदर अक्षरात लिहिलं, आणि काही ठिकाणी पाठांतराच्या पलीकडे गेली. पुढच्यांनी डोळे उघडून बघावं एवढंच मागणं आहे.

काय बघावं? हा जिल्हाच घ्या. लोणार. बसाल्ट खडकात उल्केच्या आघातानं झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं. पेपरात गुलाबी तळं काढलं असतं तर मास्तरांनी मार्क कापले असते. त्याच गावात दैत्यसूदनाचं देऊळ, विष्णूनं लवणासुराला मारल्याची कथा. ‘राजी’ला दैत्य हवे होते, आपल्याकडे दैत्याचं गावच आहे. हेमाडपंती देवळं चुना न वापरता दगडात दगड बसवून उभी केलेली. गेममध्येही देऊळ असंच उभं राहतं. खांब, तुळई, पायरी असे सुटे भाग एकदा बनवायचे आणि परत परत जुळवायचे. त्याला मॉड्युलर किट म्हणतात. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा आहे. जिजाऊंचा जन्म तिथला. तो वाडा राजस्थानी महालासारखा दिसत नाही, त्याचा दगड वेगळा, त्याचं ऊन वेगळं. मे महिन्यात काळ्या रानाला भेगा पडतात, त्या भेगांचा आकार बघितलाय का कधी कागद घेऊन? पहिल्या पावसानंतर त्या रानाचा रंग किती बदलतो? चिखली-खामगाव रस्त्यानं जाताना कपाशी फुटलेली असते तेव्हा संध्याकाळी ते पांढरं निळसर दिसतं की पिवळट? ज्याला याचं उत्तर बघून देता येतं, त्याची आर्ट डायरेक्टर व्हायची तयारी सुरू झालीय.

आता करिअर. शिडी साधारण अशी असते. आधी ज्युनियर आर्टिस्ट, एखाद्या भागाचं काम: वस्तू, परिसर, पात्रं, नाहीतर कन्सेप्ट म्हणजे आधीची रेखाटनं. मग सीनियर. मग लीड, म्हणजे चार जणांचं काम तपासायचं, दुसऱ्याच्या चित्रावर रेघ ओढून नेमकं कुठं बिघडलं ते सांगायचं. मग आर्ट डायरेक्टर. यात आठ-दहा वर्षं सहज जातात. आर्ट डायरेक्टर व्हायचा थेट कोर्स नसतो, जसा सरपंच व्हायचा नसतो. (हशा.) लोकांनी तुमच्या निर्णयावर विश्वास टाकावा लागतो. त्यामुळं बोलता येणं आणि लिहिता येणं चित्राइतकंच लागतं. ‘हे आवडलं नाही’ एवढं म्हणून भागत नाही. ‘शत्रूचा रंग भिंतीत मिसळतोय, भिंत दोन छटा फिकी करा’ असं सांगता आलं पाहिजे.

आणि बाजाराचं खरं सांगायला हवं. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभर गेम कंपन्यांतून हजारो लोकांना काढलं गेलं. बाहेरून येणाऱ्या कामावर त्याचा परिणाम होतो. म्हणून एकाच कौशल्यावर सगळं लावू नका. परिसर उभा करता येत असेल तर तेच काम अ‍ॅनिमेशन, जाहिरात, वास्तुरचना यांनाही लागतं. सरकारही जागं झालंय. मुंबईत या विषयांची राष्ट्रीय पातळीवरची संस्था सुरू झालीय, राज्यानं २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलंय. त्याचा लाभ चिखलीपर्यंत किती पोचतो ते बघत राहू आणि विचारत राहू. माझ्याकडून एवढंच. आता तुम्ही विचारा.

प्रश्नोत्तरं

एक पालक: सर, पोरीले पुण्याले क्लासले टाकायचं म्हणतो. फी लाखात सांगतात, अन् नोकरीची हमी देतात. टाकू का?

दादा, कर्ज काढून तर लगेच मुळीच नको. आधी तीन गोष्टी विचारा. गेल्या दोन वर्षांतल्या मुलांची कामं दाखवा, आणि ती आता कोणत्या कंपनीत आहेत ते सांगा. शिकवणाऱ्यानं स्वतः कोणत्या गेमवर काम केलंय? आणि हमी म्हणता ती लेखी देता का, पगाराच्या आकड्यासकट? उत्तरं गोलगोल आली तर चहा पिऊन परत या. दरम्यान मुलीला सहा महिने घरी करू द्या. ब्लेंडर फुकट आहे, क्रिटा फुकट आहे, गोडो फुकट आहे. एक बऱ्यापैकी संगणक लागेल, तो मात्र फुकट नाही. सहा महिन्यांत तिनं घरासमोरचा एक कोपरा नीट उभा केला आणि तिला कंटाळा आला नाही, तर पुढचं बोलू. बीएफएला राज्याची सीईटी आहे, डिझाइनच्या पदवीला यूसीड आहे. सरकारी संस्थांची फी आणि खासगी क्लासची फी शेजारी शेजारी लिहून बघा.

एक विद्यार्थी: आता एआय चित्र काढतं. मग आम्ही शिकून काय फायदा?

चित्र काढतं, खरंय. पाठ केलेलं काम त्याला छान जमतं: कमान, कमळ, मोर. सुरुवातीची कामं त्यामुळं कमी होतील, ही भीती खरी आहे, मी ती झटकणार नाही. पण शंभर चित्रांतलं कोणतं ठेवायचं आणि का, हे कुणीतरी ठरवावं लागतं. आणि अमडापूरचा बाजार कसा दिसतो हे त्याला कोण सांगणार? तू जाऊन वहीत काढलंस तरच ते कुठंतरी राहील. ज्याच्याकडे स्वतःचं बघितलेलं आहे, त्याची जागा शेवटी जाईल.

एक शिक्षिका: आमच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षकच नाहीत. मुलांनी शिकायचं कुणाकडून?

ताई, आजच्या सभेतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे. गावात संस्था काढा असं कुणी म्हणत नाही, निदान मंजूर असलेलं पद भरावं. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीनं लेखी मागणी लावून धरायला हवी. इथं बसलेल्या पालकांनी त्यावर सह्या कराव्यात. तोवर एक करता येईल. आठवड्यातून एक तास मुलांना बाहेर न्या. बल्लाळदेवीच्या टेकडीवर न्या, बाजारात न्या. प्रत्येकानं एकच वस्तू काढायची: पायरी, तराजू, बैलाचं शिंग. सुंदर काढलं का, हे विचारू नका. जशी आहे तशी काढली का, एवढंच विचारा. वर्षाअखेरीला शाळेकडे या गावाच्या पाचशे वस्तू कागदावर असतील. गेम करणाऱ्या लोकांना हवा असतो तो कच्चा माल हाच, आणि तो दुसऱ्या कुणाकडे नसेल.

वेळ संपली.